अकरावा फर्मा

"केवढ्याला पडलं गं?" थोरलीने विचारलं.

"तू वाच. किमतीची चौकशी करायला तुला कुणी नेमलंय?" धाकटी म्हणाली आणि पिशवीतून पहिले तीन फर्मे काढून तिने पलंगावर ठेवले.

थोरलीने त्यातला एक उचलून नाकाशी धरला आणि डोळे मिटून वास घेतला. आजारी पडल्यापासून तिला कसलाच वास सोसत नव्हता. तेलाचा नाही, साबणाचा नाही, औषधाचा तर नाहीच. शाईचा मात्र सोसला.

"नवं आहे," ती म्हणाली. "खरंच नवं कोरं आहे गं, चिमे."

धाकटीने उठून खिडकीचा पडदा सरळ केला. पडदा सरळच होता. पण चोराच्या मनात चांदणं, त्याला काहीतरी करायला लागतं.

पुस्तक असं सुटं करून वाचायचं वेड या घरात वडिलांनी आणलं. वडील बाइंडर होते. छापखान्यात मोठ्या कागदावर एका वेळी सोळा पानं छापतात, त्या कागदाची घडी घातली की झाला फर्मा, आणि असे फर्मे एकावर एक लावून शिवले की झालं पुस्तक. वडील नवं पुस्तक घरी आणायचे आणि पहिलं काम म्हणजे त्याची शिवण उसवायचे. "लोक पुस्तकाला कव्हर घालतात, हे मेले सालं काढतात," असं आई म्हणायची. पण पुस्तक एक, वाचणारी तोंडं चार आणि थांबायला एकही तयार नाही, तिथे दुसरं करणार काय? पहिला फर्मा आईकडे, तिचा झाला की वडिलांकडे, मग थोरलीकडे आणि सगळ्यांत शेवटी धाकटीकडे. नियम एकच होता. पुढे असलेल्याने पुढचं सांगायचं नाही. धाकटीने लहानपणी थोरलीच्या चेहऱ्याकडे बघून नायिका मेली की जगली ते ओळखायचा प्रयत्न पुष्कळ केला, पण थोरलीचा चेहरा म्हणजे बंद दुकान. सगळ्यांचं वाचून झालं की वडील पुस्तक पुन्हा शिवायचे, आधीपेक्षा मजबूत.

आईवडील गेले. थोरली लग्न होऊन तीन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. धाकटीने लग्न केलं नाही, वडिलांचं दुकान धरलं. पण एका पुस्तकात दोघींनी वाचायचं, थोरलीने आधी आणि धाकटीने मागून, हे काही सुटलं नाही. सुटत गेलं ते पुस्तकच. पूर्वी पगार झाला की एक पुस्तक यायचं. मग हंगामातून एक यायला लागलं, मग वर्षातून एक, तेही कुरकुरत. किंमत वाढली तशा बाकीच्या चैनीही एकेक करून निघून गेल्या. आधी सिनेमा गेला. मग रविवारची बाहेरची कॉफी गेली. मग थोरलीचा वासाचा साबण गेला आणि तिने कपडे धुण्याच्या साबणाने आंघोळ करून बघितली, त्यावर दोघी आठवडाभर हसत होत्या. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे दोघींनाही मान्य होतं. पण अंथरूणच दरवर्षी आखडत गेलं तर माणसाने पायांचं करायचं काय, हे कुठल्या म्हणीत सांगितलेलं नाही.

थोरलीला डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हा ती धाकटीला एवढंच म्हणाली होती, "आपल्या त्या लेखिकाबाईंची नवी कादंबरी आलीय म्हणे. तेवढी वाचून जाते."

"जाते कुठे? बस गप."

"बरं, नाही जात. पण आण."

जुनी पुस्तकं घरात खंडीभर होती. थोरलीने त्यातलं एकही हातात घेतलं नाही. तिला नवं हवं होतं, ज्यात पुढे काय होतं ते अजून ठाऊक नाही असं. मरणाच्या दारात बसलेल्या माणसाला पुढे काय होतं याची एवढी उत्सुकता कशी असते, कोण जाणे. पण होती.

धाकटी पुस्तकांच्या दुकानात गेली. कादंबऱ्या टेबलावर रचल्या होत्या, प्रत्येकीला पारदर्शक प्लास्टिक. तिने एक उलटी करून किंमत बघितली, पुन्हा बघितली आणि होती तशी ठेवून दिली. तिच्या धंद्यात आता राम उरला नव्हता. लोक पुस्तकं बांधून घेत नाहीत, मोबाइलचं कव्हर बदलतात. शिवाय थोरलीच्या औषधांत तीही आपल्या परीने भर घालत होती. दुकानदार म्हणाला, "मावशी, खूप दिवसांनी?" ती म्हणाली, "सहज आले होते," आणि बाहेर येऊन रस्त्यातच तिला रडू फुटलं. हौसेला मोल नसतं म्हणणाऱ्याने कधी दुकानात पाऊल टाकलेलं नसावं.

तोडगा दुसऱ्याच आठवड्यात मिळाला. गावाबाहेर एक मोठा बाइंडिंगचा कारखाना होता. काम अंगाबाहेर गेलं की तिथला मुकादम तिला हातशिवणीला बोलवायचा. ती गेली तर कोपऱ्यात वेस्टेजचा ढीग होता. कुठे शाई फिकट, कुठे कोपरा मुडपलेला, असे बाद फर्मे. वरच्याच फर्म्यावर त्या बाईंच्या कादंबरीचं नाव.

"यातले थोडे नेऊ का?" तिने विचारलं.

"पोतंभर न्या, आजी. नाहीतरी लगदाच व्हायचाय."

ती गुडघ्यांवर बसून दुपारभर ढीग उपसत राहिली. बरे दिसणारे फर्मे निवडले, तळाशी छापलेला आकडा बघून क्रमाने लावले, सतरा फर्म्यांचं पुस्तक पुरं झालं. आत तिने डोकावलं नाही. बाइंडर आकडा बघतो, आतलं वाचत बसत नाही. वाचत बसला तर कामं कधी करणार? आणि दुसरं म्हणजे, आधी थोरलीने वाचायचं. तो नियम तिने या वयातही मोडला नाही, आणि तिथेच ती चुकली.

थोरलीचं वाचन हळू चाललं होतं. कधी दोन पानांत दमायची. वाचून झालेला फर्मा भावोजी, म्हणजे थोरलीचा नवरा, संध्याकाळी आणून द्यायचे. भावोजी जन्मभर ट्रक चालवून घरी बसलेले. पुस्तक त्यांनी कधी वाचलं नाही. फर्म्यांना ते 'घड्या' म्हणायचे, कपड्यांच्या असाव्यात तशा. "ही घे तुझी घडी. आज एवढीच उलगडली."

कादंबरीत दोन बहिणी होत्या. थोरली नदीवरच्या धक्क्यावर नावेची तिकिटं विकायची. धाकटीने घरभाड्याच्या अडचणीत आईचं शिवणयंत्र थोरलीला न सांगता विकलं आणि मग तोंड दाखवायची लाज वाटून घर सोडून गेली. दहाव्या फर्म्याच्या शेवटी घरात एकटी थोरली होती. इकडे चिमीला पुढचं कधी वाचते असं झालं होतं. पण भावोजींनी आणून दिला तो बारावा, आणि त्यात दोघी बहिणी एका घरात चहा पीत बसलेल्या!

ती तडक थोरलीकडे गेली. "अकरावा कुठाय?"

"औषध सांडलं त्यावर, माझ्याच हातून," थोरली म्हणाली. "चिकट चिकट झाला. टाकून दिला."

भावोजी दारातून काहीतरी बोलणार होते. थोरलीने त्यांच्याकडे बघितलं, आणि ते पाणी आणतो म्हणून आत गेले.

"बस. मी सांगते त्यात काय आहे ते."

"सांगायचं नाही असा नियम आहे, ताई."

"नियम करणारे वर गेले. बस म्हणते ना."

मग ती सांगायला लागली. मध्येच दम लागायचा, मग डोळे मिटून थोडी पडून राहायची. धाकटीला वाटलं, आठवतेय बिचारी.

"एक दिवस काय होतं, तिकिटाच्या खिडकीतून एक हात आत येतो. नुसता हात. माणूस दिसत नाही, खिडकी एवढीशी. पण थोरली हात ओळखते. सुईने टोचलेली बोटं असतात ना, ती. ती काही बोलत नाही. दोन तिकिटं फाडते. खिडकी लावून घेते आणि स्वतःही नावेत जाऊन बसते तिच्या शेजारी."

"रागावते?"

"ऐक तर. धाकटी रडायला लागते. यंत्राचं सांगायला लागते. तर थोरली म्हणते, 'मला पहिल्याच दिवशी कळलं होतं गं. मला काय डोळे नाहीत? तू माझ्यासाठीच केलंस ना? मग झालं तर. मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं.'"

"मग?"

"मग काय? नाव चालू होते. धाकटीला नदीचा वारा लागतो, थोरली तिला पदराखाली घेते. आणि म्हणते, 'आता घरी गेल्यावर हा विषय काढायचा नाही. मला आवडलं यंत्र गेलं ते. जागा झाली.'"

धाकटीने डोळे पुसले. "छान लिहिलंय बाईंनी."

"हो ना," थोरली म्हणाली. "अनुभव असणार."

थोरली गेली तेव्हा तिचा पंधरावा फर्मा चालू होता. सकाळची वेळ होती, भावोजी दूध तापवत होते, आणि ती कुणालाही त्रास न देता गेली. धाकटीने सगळं केलं. करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा दुकान उघडून बसली. समोर कुणाच्या तरी कार्यालयाची रजिस्टरं होती, ती शिवत राहिली. सुई बोटात गेली की आधी ती ओरडायची, आता नुसती बघायची.

एका संध्याकाळी भावोजी आले. दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण चुकलेलं. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी टेबलावर ठेवलं.

"ही एक घडी राहिली होती. तुला दाखवायची नाही अशी ताकीद होती मला. पण ठेवून मी काय करू? मला वाचता कुठे येतं धड, आणि यात तर वाचायलाही फारसं नाही."

धाकटीने टॉवेल सोडला. तळाशी आकडा अकरा. कुठे डाग नाही, औषधाचा थेंब नाही. पहिलं पान छापलेलं. तिने उलटलं तर पुढची दोन पानं पांढरी. मग दोन छापलेली. मग पुन्हा दोन पांढरी. मोठा कागद मशीनमध्ये एकाच बाजूने छापला गेला होता. घडी घातली की वरून दिसायला शहाणासुरता फर्मा, आत निम्मा कोरा.

"मी तिला म्हटलं, दुकानदाराशी भांडतो आणि बदलून आणतो," भावोजी म्हणाले. "तर म्हणाली, 'दुकानातलं नाहीच ते. बाइंडरची पोर आहे मी, वेस्टेज मला कळत नाही? पहिल्या दिवशीच ओळखलं. चिमीला एक अक्षर बोललात तर याद राखा.' मग दोन दिवस नुसती छताकडे बघत पडली होती. मला वाटलं, दुखत असेल. विचारलं तर म्हणाली, 'बोलू नका. मी पुढचं रचतेय.'"

धाकटीने तो फर्मा छातीशी धरला आणि ती मोठ्याने रडली. थोरली गेली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. मग भावोजींनीच दुकानाची फळी ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने छापलेली तेवढी पानं वाचली. नावेचं इंजिन बिघडल्याचं होतं, धक्क्यावरच्या एका मुनीमाचं होतं. हात आत येत नव्हता, तिकिटं फाटत नव्हती. धाकटी बहीण कुठेच नव्हती. कोऱ्या पानांवर असेल, नसेल. बाईंनी काय लिहिलं होतं ते फक्त दुकानातल्या पुस्तकात होतं.

रजिस्टरांचे पैसे आले त्या दिवशी ती पुस्तकांच्या दुकानात गेली.

"या मावशी," दुकानदार म्हणाला. "ती कादंबरीच ना? आधीच सांगतो, किंमत पुन्हा वाढलीय. कागद महागला."

"असू दे. दाखवा."

त्याने गठ्ठ्यावरची प्रत तिच्या हातात दिली. जड होती, सुरेख बांधलेली, शिवण घट्ट. घरी नेऊन ती उसवायला जिवावर आलं असतं. पर्समध्ये पैसे होते. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच किमतीचा आकडा तिने एकदाच वाचला. प्लास्टिकच्या आत, मधोमध कुठेतरी, ती सोळा पानं होती. सगळी छापलेली.

दुकानदाराने गल्ल्याच्या खणातून ब्लेड काढलं. "फाडून देऊ? इथेच बघून घ्या, पान-बिन खराब नाही ना ते."

"नको," ती म्हणाली.

"घेताय ना पण?"

"नको. माझी वाचून झालीय."

दुकानदाराला काही उमगलं नाही. त्याने ब्लेड परत खणात टाकलं. धाकटीने पुस्तक परत गठ्ठ्यावर ठेवलं, दोन्ही तळव्यांनी त्याच्या कडा खालच्या पुस्तकांशी नीट जुळवल्या आणि ती घरी निघाली.