सर ऑबरेंचे दहावे मत

अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती सर ऑबरे विंटरबॉर्न यांना ज्युरीवर बसण्याचे बोलावणे आले, तेव्हा त्यांनी लगेच सवलत मागितली. न्यायाधीशांनाही सूट नाही, असे उत्तर आले. हा नियम अत्यंत शहाणपणाचा असल्याचे त्यांनी स्वतःच एका जाहीर व्याख्यानात सांगितले होते, त्यामुळे तक्रारीला जागा उरली नाही.

दक्षिण लंडनच्या त्या न्यायालयात 'सर्वांनी उभे राहावे' अशी आरोळी झाली आणि सर ऑबरे एकटेच बसून राहिले. वीस वर्षे ती आरोळी त्यांच्यासाठी होत आली होती. उभे राहणे हे इतरांचे काम होते. शेजारच्या टेरेन्स नावाच्या प्लंबरने त्यांना कोपराने ढोसले.

"उठा की आजोबा! गुडघे धरलेत का?"

आरोपी डेस्मंड क्रेक हा शाळेचा रखवालदार. सार्वजनिक बागेतले ब्राँझचे कासव चोरल्याचा त्याच्यावर आरोप होता. दोषी ठरला तर नोकरी जाणार होती आणि तिच्याबरोबर शाळेच्या आवारातले राहते घरही. पुरावा म्हणजे एक धूसर चित्रफीत आणि केवळ चालीवरून त्याला ओळखणारी शेजारीण. कासव सापडले होते ते क्रेकसह चार बिऱ्हाडांच्या सामाईक खोपटात.

ज्युरीच्या खोलीत दुसऱ्या दिवशीही एकमत होईना. शेवटी खटला चालवणाऱ्या न्यायाधीशबाईंनी बारांपैकी दहा मते पुरेशी मानली. नऊ जण निर्दोष म्हणत होते. टेरेन्स आणि आणखी एक जण दोषी. सर ऑबरेंनी कोणत्याच बाजूने हात वर केला नव्हता.

"तुमचं काय?" ज्युरीप्रमुख डॉक्टर ओकेल यांनी विचारले. त्या दंतवैद्य होत्या.

सर ऑबरेंनी घसा साफ केला. चित्रफितीच्या बाजूने काय म्हणता येईल, विरुद्ध काय, शेजारणीचा चष्मा, खोपटाचे कुलूप, सगळे त्यांनी पाऊण तास मांडले. दोन्ही पारड्यांत केसाचाही फरक नव्हता. शेवटी ते गंभीरपणे म्हणाले, "आता निर्णय सर्वस्वी तुमचा आहे."

"आमचा?" टेरेन्स ओरडला. "अहो, आणि तुम्ही कोण? चहावाले?"

निर्णय तुमचा, हे वाक्य सर ऑबरेंनी शेकडो ज्युरींना ऐकवले होते आणि दर वेळी त्यानंतर शांतपणे जेवायला गेले होते.

"साधं सांगा," डॉक्टर ओकेल म्हणाल्या. "दुखतंय की नाही, एवढंच. त्यानंच चोरलं, अशी तुमची खात्री आहे?"

सर ऑबरेंनी डोळे मिटले. खात्री शोधली. सापडली ती फक्त मांडणी, अत्यंत सुबक. क्रेकचे शाळेच्या आवारातले घर मात्र डोळ्यांपुढून हलेना.

"नाही," ते ओशाळून म्हणाले. "मला काहीच ठरवता येत नाहीये."

"म्हणजे खात्री नाही?"

"अजिबात नाही."

"मग तो सुटला! न्यायाधीशबाई तेच तर सांगत होत्या. खात्री नसेल तर निर्दोष. झाली दहा मतं."

"एवढ्यासाठी पाऊण तास?" टेरेन्स कपाळाला हात लावून म्हणाला.

निकाल ऐकताच क्रेक मटकन खाली बसला आणि रडू लागला. असा निकाल सर ऑबरेंनी आजवर फक्त वरच्या न्यायासनावरून ऐकला होता.

संध्याकाळी लेडी विंटरबॉर्न यांनी सूप वाढता वाढता विचारले, "आत काय काय झालं? तुम्ही तर सगळ्यांना शिकवलं असेल."

ज्युरीच्या खोलीतले बोलणे बाहेर सांगणे हा गुन्हा आहे. चाळीस वर्षांच्या वकिलीत आणि न्यायदानात सर ऑबरेंना कायद्याची एखादी मनाई इतकी मनापासून कधी आवडली नव्हती.