सिस्टरकडे गेलेला फळा

मित्रांनो, मी फळा आहे. जुना, लाकडी, दोन फळ्या जोडून वर काळा रंग दिलेला. मला घडवणाऱ्या सुतारानं खडू ठेवायची पट्टी जरा तिरकी ठोकली, त्यामुळे खडू जन्मभर माझ्यावरून घरंगळत राहिले. नशीब मात्र सरळ निघालं. मी वाचनालयाच्या माडीवर गेलो, मोठ्या माणसांच्या इंग्रजीच्या वर्गात.

वर्ग घेणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांना एकच नाद होता. सख्ख्या बहिणींसारखे दिसणारे दोन इंग्रजी शब्द माझ्यावर शेजारी शेजारी लिहायचे आणि त्यांच्यातला फरक विचारायचा. 'हार्ड' आणि 'हार्डली' लिहिले त्या दिवशी टॅक्सीवाले दादा कपाळाला हात लावून बसले. 'मी फार कष्ट करतो' असं सांगायचं म्हणून ते प्रत्येक प्रवाशाला अभिमानानं 'आय हार्डली वर्क' म्हणत. त्याचा अर्थ 'मी काम जेमतेमच करतो' असा होतो, हे बाईंनी सांगितल्यावर ते म्हणाले, तरीच लोक उतरताना हसत होते.

पुढच्या रांगेत शिंपीकाम करणारे मास्तर बसत. बायको वारलेली, लेक लांब दिलेली, आणि जावयाला मराठीचं अक्षर कळत नसे. फोनवर सासरे-जावई 'हॅलो' आणि 'ओके' यांच्यामध्ये नुसते श्वास घेत. मास्तरांना त्या मधल्या जागेत काहीतरी बोलायचं होतं. त्यांच्या शेजारी इस्पितळातल्या सिस्टर बसत. लग्न केलेलं नव्हतं, भावाच्या घरी राहायच्या, ड्यूटी संपली की तडक वर्गाला यायच्या.

एकदा बाईंनी माझ्यावर 'अलोन' आणि 'लोनली' लिहिलं. मास्तर उठून म्हणाले, सोपं आहे, मी अलोन आहे पण लोनली नाही. माझं शिलाई मशीन दिवसभर बडबडत असतं. सगळे हसले. सिस्टर तेवढ्या हसल्या नाहीत.

"आमच्या घरात पाय ठेवायला जागा नाही इतकी माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "पण मी घरी आले की कुणी मान वर करून बघत नाही. मग मी कोण, बाई? अलोन तर नाही."

मास्तरांनी पेन्सिलीचं टोक उगाचच तपासलं. त्या दिवसापासून सिस्टर जिना चढून आल्या की मास्तर मान वर करून बघत आणि दिवस कसा गेला ते विचारत. मी भिंतीवर होतो, मला सगळं दिसत होतं. पुढे पुढे सिस्टर जिन्यातच ओठांत हसू घेऊन येऊ लागल्या.

आणि मग त्या यायच्या थांबल्या.

पहिल्या गैरहजेरीला मास्तरांनी शेजारच्या जागेवर आपली वही ठेवली. पुढच्या वर्गाला मात्र त्यांचं अर्धं लक्ष जिन्याकडे. बाईंनी विचारलं तेव्हा 'मी सिस्टरांची वाट बघतोय' हे त्यांनी मोठ्या धीरानं इंग्रजीत सांगितलं. ते म्हणाले, 'आय ॲम एक्स्पेक्टिंग.' बाईंनी गंभीर चेहऱ्यानं समजावलं, की एवढंच म्हटलं तर त्याचा अर्थ तुम्हाला दिवस गेलेत असा होतो. वर्ग इतका हसला की खालून ग्रंथपाल वर आले. मास्तरही पोट धरून हसले. मग बाईंनी खडू घेतला.

"येणार याची खात्री असेल तर 'एक्स्पेक्ट'. नुसतं थांबायचं ते 'वेट'. खात्री नसूनही मन थांबतं ते 'होप'. तुमचं कुठलं?"

मास्तरांनी माझ्यावरचे शब्द एकेक करून वाचले. "तिसरं," ते म्हणाले.

टॅक्सीवाल्या दादांनी इस्पितळात चौकशी केली. सिस्टरांच्या वहिनीचा पाय मोडला होता, घरचं सगळं सिस्टरांवर आलं होतं, आणि भाऊ म्हणाला होता की या वयात इंग्रजी पुरे झालं. हे ऐकून वर्ग हळहळला. बाई हळहळल्या नाहीत. त्या म्हणाल्या, फळा काढा.

मित्रांनो, मी टॅक्सीत मावेना. मग मास्तर पुढे, दादा मागे आणि मी दोघांच्या डोक्यावर आडवा, अशी आमची वरात भर रस्त्यातून निघाली. उतरताना वाचनालयाच्या जिन्याच्या वळणावर माझा एक कोपरा उडाला होता. मला त्याची फिकीर नव्हती. त्या दिवसापर्यंत मी आभाळच बघितलं नव्हतं.

भावानं दार उघडलं आणि तो बघतच राहिला. बाई म्हणाल्या, "तिला येता येत नाही, म्हणून आम्ही आलो. एक भिंत तेवढी द्या." आतून वहिनी म्हणाली, मला दिसेल असा ठेवा हो, पडून पडून जीव विटलाय. मग भावानं दार पूर्ण उघडलं.

वहिनीचा पाय बरा होईपर्यंत वर्ग तिथेच भरला. भाऊ आधी दारात उभा राहायचा, मग उंबऱ्यावर बसायला लागला. एकदा त्यानं स्वतःच विचारलं, 'हिअर' आणि 'लिसन' म्हणजे ऐकणंच ना दोन्ही? बाई म्हणाल्या, आवाज कानावर पडतो ते हिअर, कुणी बोलतंय म्हणून आपण कान देतो ते लिसन. थोड्या वेळानं उठून त्यानं सगळ्यांसाठी चहा टाकला, आणि पहिला कप बहिणीच्या हातात दिला. "ताई, बस तू," तो म्हणाला. "पोरांकडे मी बघतो."

वहिनी चालायला लागली तेव्हा तिथला शेवटचा वर्ग झाला. बाईंनी 'वेट' हा शब्द वापरून वाक्य लिहायला सांगितलं. सिस्टर उठल्या, माझ्यावर लिहिलं, 'डोन्ट वेट. आस्क.' आणि मास्तरांकडे न बघता बोटांचा खडू पुसत उभ्या राहिल्या.

मास्तर उठले. असल्या कामात त्यांचा इंग्रजीवर भरवसा नव्हता. "माझ्या घरी राहायला याल का?" त्यांनी विचारलं, आणि घाईनं जोडलं, "म्हणजे, लग्न करून."

सिस्टर म्हणाल्या, "हो." त्या शब्दाचा अर्थ बाईंना कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

नंतर माडीवर पांढरा गुळगुळीत फळा आला. मी जिन्याखाली गेलो, माझ्यावर लोक ओल्या छत्र्या टेकवू लागले. ते दिवसही गेले. मास्तरांनी मला मागून आणलं, नवा काळा रंग दिला. आता मी त्यांच्या दुकानात असतो. जावयाचा फोन आला की मास्तर वेळ विसरून बोलतात, आणि गिऱ्हाइकं माझ्यावर फुल्ली-गोळा खेळत बसतात.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला नखानं ओरखडू नका. ओल्या फडक्यानं पुसा, त्याला फार बरं वाटतं. आणि वर्गातलं कुणी येईनासं झालं, तर गैरहजेरी मांडून मोकळे होऊ नका. त्याच्या दारी जा. फळा जड असतो खरा, पण दोघांनी उचलला तर येतो.