सावलीसाहेबांच्या तीन टोप्या

रोपवाटिकेच्या मालकांना सगळे सावलीसाहेब म्हणत. नाव गिऱ्हाइकांनी ठेवलं होतं, चेष्टेत, पण साहेबांना ती पदवीच वाटायची. कोणत्या रोपाला पन्नास टक्के सावलीची जाळी, कोणत्याला पंचाहत्तरची, हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. भर दुपारी एखाद्या वाफ्यावरची जाळी हातभर सरकलेली दिसली, तर ते भरल्या ताटावरून उठून धावायचे. "लेकरं भाजतील ना!" म्हणायचे. लेकरांची ही माउली स्वतः मात्र उघड्याबोडक्या डोक्याने धावत असे.

टोपी नव्हती असं नाही. चांगल्या तीन होत्या. तिन्ही बायकोने आणलेल्या, रुंद काठाच्या, कान आणि मान झाकणाऱ्या. तिचे काका आयुष्यभर उन्हात परांचीवर उभे राहून भिंती रंगवत आले आणि नाकावरच्या एवढ्याशा डागाने गेले, तेव्हापासून तिने टोपीचा ध्यासच घेतला होता. पहिली टोपी साहेबांनी बियाण्याच्या वाफ्यातल्या बुजगावण्याला घातली, कारण त्याचं मडक्याचं डोकं उन्हाने तडकायला लागलं होतं. दुसरीही त्यालाच, कारण पहिली फाटली. तिसरी, त्याला तो रंग खुलून दिसतो म्हणून.

"अहो, निदान कान तरी झाका," ती म्हणायची.

"माझे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत," साहेब ऐटीत म्हणायचे. जगात ज्या एका माणसाचे खरोखर उन्हातच झाले होते, तो नेमका हाच.

त्यांच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला एक खपली होती. ती पडायची, रक्त यायचं, पुन्हा धरायची. "बोगनवेलीचा काटा लागलाय," ते सांगत. एक काटा वर्ष उलटून गेलं तरी लागतच कसा राहतो, हे विचारायची सोय नव्हती, कारण काट्यातलं सगळं त्यांनाच कळत होतं.

एके दिवशी सकाळी एक बाई कुंडी घेऊन आल्या. झाडाच्या पानांवर काळे डाग पडले होते.

"किती दिवस झाले?" साहेबांनी विचारलं.

"महिना असेल."

"महिना? आणि तुम्ही नुसत्या बघत बसलात? चांगल्या शिकलेल्या दिसता! हा करपा आहे बाई, तो आपोआप जात नाही, पसरत जातो. दिसल्या दिवशी कापायचा, आजूबाजूच्या चांगल्या भागासकट. आता अख्खी फांदी जाणार." आणि त्यांनी कात्री घेऊन ती उडवलीसुद्धा.

बाई फांदीकडे बघतच नव्हत्या. त्या साहेबांच्या कानाकडे बघत होत्या.

"हे काय झालंय?"

"काटा लागलाय."

"किती दिवस झाले?"

साहेबांनी तोंड उघडलं, पण उत्तर पिशव्या भरत बसलेल्या बायकोने दिलं. "मागच्या उन्हाळ्याच्या आधीपासून."

"मी त्वचेची डॉक्टर आहे," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी दवाखान्यात या." चांगले शिकलेले दिसता, एवढं मात्र त्यांनी सौजन्याने गाळलं.

कानाचा बारीक तुकडा तपासायला गेला, आणि आठवड्याने कॅन्सर म्हणून परत आला. डॉक्टरबाईंच्या टेबलासमोर सावलीसाहेब मातीने काळी झालेली नखं लपवत बसले होते.

"मुळापर्यंत गेलंय का?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं हे वाक्य ते इतरांना ऐकवत आले होते.

"तसं वाटत नाही. पण कापावं लागेल. आजूबाजूच्या चांगल्या भागासकट."

पद्धत त्यांचीच होती, तक्रार कुणाकडे करणार? बाहेर बाकावर आल्यावर ते बायकोला म्हणाले, "मला फार भीती वाटतेय गं." तिने त्यांचा हात घट्ट धरला.

डाग मुळापर्यंत गेला नव्हता. कानाचा वरचा भाग तेवढा गेला. पट्टी सुटली त्या दिवशी साहेब आपल्या पायांनी वाफ्यात गेले, बुजगावण्याच्या डोक्यावरून तिसरी टोपी काढली, तिच्यावरची पाखरांची घाण धुतली आणि वाळवून आरशासमोर डोक्यावर चढवली. टोपी उजवीकडे घसरली. त्यांनी सरळ केली, ती पुन्हा घसरली. डोक्यापेक्षा जराशी मोठी होती ती; बायको मुद्दाम तशीच आणायची, कानांवर नीट टेकावी म्हणून.

"घसरतेय गं ही," ते म्हणाले. "दुकानात बदलून देतील का?"

"देतील की. टोपी देतील," ती म्हणाली, आणि नाडी शिवायला सुई-दोरा शोधू लागली.