हौदातला नमुना

पत्र आलं तेव्हा धाकटी सून शेडमध्ये उलट्या टोपलीवर बसून पोरीला पाजत होती. एका हाताने पाकीट फुटेना, म्हणून तिने ते दातांनी फाडलं. आत एकच कागद. 'तपासणीसाठी घेतलेल्या शिंपल्यांच्या नमुन्यात प्लास्टिकचे कण आढळले नाहीत. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

तिने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी दूध सोडून तिच्या तोंडाकडे टकामका बघायला लागली.

"पी गं बाई तू," धाकटी म्हणाली. "तुझ्यावर नाही चिडले."

चिडायचं कारण दारातून दिसत होतं. धक्क्यावर तिचा नवरा नावेतून दोर उतरवत होता. पाण्यावर पिंपं तरंगत ठेवायची, त्यांना दोर बांधायचे, दोरांवर शिंपल्यांचं बी लावायचं आणि ते समुद्राच्या हवाली करायचं, अशी ही शेती. शिंपल्याच्या बुडाला केसांसारखे धागे असतात, त्यांनी तो दोर धरतो. एवढा घट्ट, की तोडताना माणसाच्या बोटांची सालटी निघावीत. यंदा मात्र नवरा दोर वर ओढायचा आणि निम्मे शिंपले त्याच्या डोळ्यांदेखत सुटून पाण्यात पडायचे. जे राहायचे ते उघडून बघावे तर आतलं मांस नखाएवढं.

खाडीच्या तोंडाशी गेल्या वर्षी कारखाना आला होता. जुनं प्लास्टिक दळायचं, धुवायचं, त्याचे नवे दाणे पाडायचे. फाटकावर मोठं हिरवं पान रंगवलेलं. धुतल्याचं पाणी पाइपातून सरळ समुद्रात. त्या पाण्यात पिठासारखा बारीक निळा भुगा. शिंपला बिचारा दिवसभर पाणी आत घेतो, गाळतो, त्यातलं खाणं ठेवून घेतो. त्याला काय कळणार कुठलं खाणं आणि कुठला भुगा? पोट भरल्यासारखं वाटतं, अंगी काही लागत नाही, आणि धागे विणायचं बळ संपलं की दोर सुटतो.

धाकटीने पोरगी झोपली की बसून चार वेळा तक्रार लिहिली होती. चौथ्या वेळी कुठे सरकारी कार्यालयातून नमुना न्यायला माणूस आला होता. पुढच्या महिन्यात नवं बी दोरांवर लावायचं होतं. तोवर पाइप बंद झाला तर ते धरणार होतं. नाहीतर हे दोर गुंडाळून माळ्यावर टाकायचे, कायमचे.

तिने पोरीला खांद्यावर घेतलं, नवऱ्याच्या टोपलीतला एक शिंपला उचलला, सुरीने उघडला आणि आतला काळपट गाळ पांढऱ्या बशीत खरवडला. वर थेंबभर पाणी टाकलं. निळे कण डोळ्यांना दिसत होते. चष्मासुद्धा लागला नाही.

"हे बघ," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि त्यांना सापडले नाहीत. आंधळे आहेत का?"

"नमुना कुठल्या दोराचा नेला होता?" नवऱ्याने विचारलं.

तिला माहीत नव्हतं. त्या दिवशी ती पोरीला लस द्यायला गेली होती आणि हा सकाळपासून नावेवर होता. घरी एकट्या सासूबाई होत्या.

सासूबाई शेडच्या दुसऱ्या टोकाला हौदापाशी होत्या. विकायचे शिंपले आधी दोन दिवस या हौदात ठेवायचे, गाळलेल्या स्वच्छ पाण्यात, म्हणजे पोटातली सगळी घाण ते बाहेर टाकतात. सासूबाई त्याला शिंपल्यांचं माहेरपण म्हणत. "दोन दिवस आराम करा, पोट साफ करा, मग जा सासरी," असं त्या खरोखर हौदात वाकून सांगत. त्यांच्या टोपलीत वाळूचा कण निघाला असं तीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं, आणि हे त्या दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवत.

"आई, साहेब आला होता ना, त्याला शिंपले कुठले दिले?"

"कुठले म्हणजे? हौदातले."

"हौदातले?"

"मग काय, दोरावरचे देऊ? चिखल, शेवाळ, कसले कसले किडे लागलेले? सरकारी माणूस दारात आला, त्याच्यापुढे घाण ठेवू? चांगले निवडून दिले, घासून. एकसारखे. म्हणाला, वा, आजी."

धाकटीने पोरगी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"आई, त्याला घाणच हवी होती! घाण बघायलाच आला होता तो! दोन दिवस पोट धुतलेला शिंपला दिलात तुम्ही, त्याच्या पोटात काय सापडणार?"

"ओरडू नकोस. पोरगी दचकतेय."

"दचकू दे! मी चार वेळा लिहिलं, हात दुखेपर्यंत लिहिलं, आणि तुम्ही त्या कारखान्याचा कागद घासून पुसून स्वच्छ करून दिलात!"

सासूबाईंनी हातातला ब्रश हौदाच्या कडेला ठेवला. "मला कुणी सांगितलं होतं का," त्या म्हणाल्या, "की घाण द्यायची असते?" आणि आत निघून गेल्या.

ते खरं होतं, आणि म्हणून धाकटीला अजूनच राग आला. थोडा स्वतःचाही.

दुसऱ्या दिवशी ती पोरीला पाठीशी बांधून, दोरावरच्या शिंपल्यांची बादली घेऊन कार्यालयात गेली. नमुना नेलेला तपासनीसच टेबलामागे बसला होता. भला माणूस दिसत होता. त्याने पोरीला टिचक्यासुद्धा वाजवून दाखवल्या.

"ताई, असं बादलीतून नाही घेता येत," तो म्हणाला. "नमुना आमच्या माणसासमोर काढावा लागतो."

"मग तो तुमच्यासमोर कुठे काढला होता? हौदातला होता तो."

त्याने फाइल काढली, एक कागद तिच्याकडे फिरवला. छापील ओळ होती: 'सदर नमुना दोरावरून थेट काढलेला आहे.' खाली सासूबाईंची सही, मुलांच्या वहीत असते तशी गोल गोल. त्याच्या शेजारी तपासनिसाची.

"आजींनी लिहून दिलंय," तो म्हणाला.

"लिहून नाही दिलं, तुम्ही बोट ठेवलंत तिथे सही केली. तुमचीही आहे की इथे. तुम्ही दोर बघितलात?"

"त्या दिवशी समुद्र खवळलेला होता."

"त्या दिवशी माझा नवरा तीन खेपा करून आला."

तपासनिसाने पेन उघडलं, मिटलं. "हे बघा, फाइल पुन्हा उघडायची एकच वाट आहे. नमुना देणाऱ्याने लेखी द्यायचं की मी दिलेली माहिती चुकीची होती. मग आम्ही येऊन दुसरा घेऊ, त्यांच्यासमोरच. पण मी तुमच्या भल्यासाठी सांगतो. ते पत्र महिनाभर बाहेरच्या फळ्यावर लागतं. 'चुकीचा नमुना दिला' असं नावासकट. तुमची गिऱ्हाइकं वाचतात तो फळा. कशाला म्हातारीची शोभा करता?"

"शोभा," धाकटी म्हणाली. एवढंच. जास्त बोलली असती तर बादली त्याच्या टेबलावर पालथी झाली असती. पाठीवरची पोरगी झोपली होती म्हणून ती झाली नाही.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं, नवऱ्याला, पण सासूबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. नवरा डोकं खाजवत म्हणाला, "आईला नको सांगूस हे करायला. तिचं नाव म्हणजे तिचा जीव आहे."

"मी सांगतच नाहीये. मी तुला सांगतेय."

"भिंतींना सांगतेस तू," आतून सासूबाई म्हणाल्या. "आण ती बशी."

बशी आली. सासूबाईंनी स्वतः बादलीतला एक शिंपला उघडला, गाळ अंगठ्याने बशीत पसरला आणि अंगठा डोळ्यांजवळ नेला. निळे ठिपके कातडीला चिकटले होते. त्यांनी ते पदराला पुसले, पुन्हा बघितलं. गेले नव्हते.

"हे यांच्या पोटात?"

"हो."

"आणि मी रोज हौद धुते, तळाला निळं बसतं, मला वाटायचं हौदाचाच रंग सुटतोय." त्यांनी अंगठा पुन्हा पदराला घासला. मग त्यांचा आवाज चढला, आणि धाकटीला कळलं की या बाईच्या रागापुढे आपला राग काहीच नाही. "मेल्याने माझ्याकडून सही घेतली! शेडमधल्या खुर्चीवर बसून! पाय ओले होतील म्हणून! आणि जाताना म्हणतो, आजी, घरच्यांसाठी पिशवीभर मिळतील का? दिले ना मी! भरून दिले!"

"पिशवी?" धाकटी म्हणाली. "हे तुम्ही बोलला नाहीत."

"तू विचारलंस कुठे? तू ओरडलीस. कागद घे. मी सांगते, तू लिही, आणि मध्ये शुद्ध करू नकोस."

धाकटीने लिहिलं. 'मी तपासनीस साहेबांना हौदात धुतलेले शिंपले दिले. दोरावरचे नाहीत. चूक माझी आहे. मला वाटलं पाहुण्याला चांगलं द्यावं. साहेब नावेत बसले नाहीत. कागदावर काय आहे ते त्यांनी वाचून दाखवलं नाही. साहेबांनी एक पिशवी घरी नेली, तीही हौदातलीच होती. त्यांना दोरावरचे हवे असतील तर केव्हाही देईन. हे पत्र फळ्यावर लावावं.'

"शेवटची ओळ नको, आई. ते लावतातच."

"लावतात ते माझ्या नावाला काळं फासायला. मी सांगितलं म्हणून लावू देत. आणि पिशवीची ओळ गाळू देऊ नकोस."

सही करायच्या आधी त्यांनी अख्खं पत्र बोट ठेवून वाचलं.

पत्र लागलं. त्या आठवड्यात चार ठरलेली गिऱ्हाइकं आली नाहीत. सासूबाई रोज हौद भरत, रोज रिकामा करत. आणि सहाव्या दिवशी तपासनीस आला. नवे गमबूट घालून आला. पिशवीबद्दल कार्यालयात कुणीतरी काहीतरी विचारलं असावं, कारण या वेळी त्याने पोरीला टिचक्या वाजवल्या नाहीत.

पोरगी शेजारच्या काकूंकडे ठेवली. सासूबाईंचा गुडघा धरलेला, तरी त्या लेकाच्या खांद्याला धरून नावेत उतरल्या.

"ओढा," दोराजवळ पोचल्यावर त्या तपासनिसाला म्हणाल्या.

"मी?"

"थेट काढायचाय ना? आमच्या हाताला साबण लागलेला असेल."

त्याने ओढला. दोर वर आला तसे शिंपले सुटायला लागले, चार, दहा, मग मूठमूठ, बुडबुड करत खाली जाणारे. तो एका हाताने पकडू बघत होता. दोर नावेत आला तेव्हा त्यावर शिंपल्यांपेक्षा उघडा दोरच जास्त होता. उरलेल्यांतले वीस तोडून त्याने डबीत घातले, डबीला लाख लावली. मग धाकटीने छापील ओळ मोठ्याने वाचली, सासूबाईंनी सही केली, त्याने केली.

"निकाल तीन आठवड्यांत येईल," तो म्हणाला.

"तोवर पाइप?"

"निकाल आल्याशिवाय मला अधिकार नाही, ताई."

धाकटीने खाडीकडे बघितलं. पाइपाचं तोंड इथूनही दिसत होतं, आणि त्याच्यापुढे पाण्याचा रंग वेगळा होता. तिचं दूध दाटून आलं होतं, ब्लाऊज ओला झाला होता. पोरगी एव्हाना रडून काकूंचं घर डोक्यावर घेत असणार. घरी जायची वेळ कधीच होऊन गेली होती.

"नाव तिकडे घे," ती नवऱ्याला म्हणाली.

"तिकडे कशाला?" तपासनीस म्हणाला. "तक्रार शिंपल्यांची आहे. पाइपाच्या पाण्याचा उल्लेख नाही तीत."

"नाही ना? मग लिहिते." तिने त्याच्याच हातातला कागद-पेन घेतलं आणि मांडीवर ठेवून लिहायला लागली. "पाचवी तक्रार. आजची तारीख. तुमच्या डोळ्यांसमोर. रिकामी बाटली आहे ना तुमच्याकडे?"

त्याच्याकडे दोन होत्या.

नवऱ्याने नाव वळवली. पाणी निळसर, मग दुधाळ होत गेलं. पाइपाच्या तोंडाशी फेस साचला होता आणि वितळलेल्या प्लास्टिकचा वास येत होता. तपासनिसाने नाकाला रुमाल लावला.

"रुमाल काढा," सासूबाई म्हणाल्या. "वाका. आणि कडेचं नको, मधलं भरा."

तो वाकला.