विहीण माझ्या माथ्यावरून आली

मित्रांनो, मी एक जुनी टेकडी आहे. फार उंच नाही. मोठ्या डोंगरांच्या रांगेत मला कोणी उभे करणार नाही. पण दिसायला मी देखणी आहे, हे मात्र मी मुळीच न लाजता सांगते.

माझा जन्म जमिनीच्या पोटातला. तिथून तापलेला दगड वर आला, निवला, आणि वाऱ्यापावसाने त्याच्यावर हळूहळू माती चढवली. मग गवत आले, झाडे आली, पाखरे आली. माझ्या एका कुशीला एक ओढा वळसा घालून जातो. दुसऱ्या बाजूला शेतांचे हिरवे-पिवळे तुकडे आहेत. संध्याकाळी माझी सावली त्या शेतांवर पसरते तेव्हा रस्त्याने जाणारे लोक गाडी थांबवून माझे फोटो काढतात. एक चित्रकार तर छत्री रोवून बांधावर बसायचा. त्याने मला इतके निळे रंगवले की मीच मला ओळखू शकले नाही.

पण मित्रांनो, कौतुक करून सगळे पुढे निघून जायचे. वर कोणी येत नसे. माझ्या अंगावर काटेरी झुडपे इतकी माजली होती की शेळ्यासुद्धा पायथ्यावरून परत फिरत. माझ्या दोन बाजूंना दोन गावे आहेत, तीही एकमेकांकडे पाठ करून बसल्यासारखी. एका गावातून दुसऱ्या गावात जायचे तर मला मोठा वळसा घालून बसने जावे लागे. मध्ये गाडी बदलावी लागे. सकाळी निघालेला माणूस दुपार टळल्यावर पोचे.

पूर्वेच्या गावात, अगदी माझ्या पायथ्याशी, एक इस्त्रीवाली राहत होती. तिची खोली अरुंद होती. लांब टेबल, त्यावर जुन्या चादरीची जाड घडी, कोपऱ्यात कोळशाचे पोते आणि भिंतीला टेकलेले कपड्यांचे गठ्ठे. नवरा लवकर गेला होता. तिने एकटीने लेकीला वाढवले आणि पश्चिमेच्या गावात दिले. जावई सायकली दुरुस्त करायचा. त्याचे वडील बस चालवून नुकतेच निवृत्त झाले होते. सारा गाव त्यांना आबा म्हणायचा.

लग्न होऊन चांगली दोन-तीन वर्षे झाली, तरी इस्त्रीवालीने लेकीचे घर पाहिले नव्हते. कारण ऐकून तुम्ही हसाल. तिला बस लागायची. लागायची म्हणजे पहिल्याच वळणाला डोळे पांढरे आणि पोट तोंडाशी. कितीदा निघाली, तितक्यांदा अर्ध्या वाटेवर उतरली आणि चालत परत आली.

आबांना हे फार लागायचे. दोन्ही गावांत फोनला रेंज मिळायची ती फक्त माझ्या पायथ्याशी, त्यामुळे सगळी बोलणी माझ्या कानांवर पडत. आबा म्हणायचे, "विहीणबाई, मी जन्मभर बस चालवली. माझ्या गाडीत कधी कोणाला उलटी झाली नाही!"

"मग तुमच्या गाडीतली माणसं झोपलेली असणार," इस्त्रीवाली म्हणायची.

एके दिवशी लेकीचा फोन आला. तिला दिवस गेले होते आणि पोटातले बाळ जरा खाली आहे म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला बसचा खडबडीत प्रवास बंद केला होता. म्हणजे आता लेकही येऊ शकत नव्हती.

"आई, मला भीती वाटते गं. तू जवळ असायला हवीस."

"रडू नकोस. मी येते."

"कशी येशील? बसमध्ये तर तू..."

"बस गेली उडत," इस्त्रीवाली म्हणाली. "पायांनी येते. टेकडीवरून."

मी दचकले. माझ्यावरून?

दुसऱ्या दिवशी सकाळचे गठ्ठे पोचते करून ती खरोखरच कोयता घेऊन आली. डोक्याला फडके बांधले, पदर खोचला आणि पहिले झुडूप मुळाशी तोडले. शेजारपाजारचे लोक हसले. कोणी म्हणाले, "मावशी, वेड लागलं का?" ती म्हणाली, "आयुष्यभर लोकांच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढल्या. आता हिच्या काढते."

रोज ती थोडी वर यायची. इतकी वर्षे मला फक्त लांबूनच पाहिले गेले होते. आता कोणीतरी माझा एकेक दगड हाताळत होते, हलतो का ते बघत होते, पाय ठेवून पारखत होते. मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

पण तिची एक चूक होत होती. ती सरळ वर चढत होती. एका पावसात तिच्या वाटेची माती खाली घसरली आणि मातीबरोबर तीही. पाऊल सुजून टम्म झाले. काही दिवस ती स्टुलावर पाय ठेवून इस्त्री करत राहिली. मग हिय्या करून पुन्हा बसमध्ये बसली. पहिल्याच थांब्यावर तिला उतरवावे लागले. लंगडत परत आली, माझ्या पायथ्याशी बसली आणि फोनवर एवढेच म्हणाली, "नाही जमलं गं, बाळा."

आता पलीकडचे ऐका. लेकीने फोन ठेवला. थोडा वेळ ती माझ्याकडे बघत बसली. मग अवघडलेल्या अंगाने उठली आणि हातांनीच काटे उपटायला लागली. बोटांतून रक्त आले तरी थांबेना. तिला शोधत आबा आले.

"अगं, हे काय चाललंय?"

"आई तिकडून येतेय. मी इकडून निघालेय."

आबा तडक मागे फिरले. घरी गेले आणि एका हातात कोयता, दुसऱ्या हातात खुर्ची घेऊन परत आले. "तू आधी खुर्चीवर बस," ते म्हणाले. "चढावर गाडी कशी घालायची, ते या घरात कोणाला कळत असेल तर मला."

त्याच संध्याकाळी त्यांनी विहिणीला फोन लावला. "विहीणबाई, सरळ चढू नका. सरळ चढलं की इंजिन तापतं. आडवं चाला, मग वळा, पुन्हा आडवं चाला."

"अहो, वळणांनीच तर माझ्या पोटात ढवळतं!"

"पायांनी घेतलेल्या वळणाने नाही ढवळत. करून तर बघा."

पाऊल बरे झाल्यावर तिने करून बघितले. नाही ढवळले.

मग काय विचारता! तिची वाट नागमोडी वर येऊ लागली. जिच्या इस्त्रीचे कपडे घालून लोक रोज कामाला जात, ती एकटी खपते आहे हे बघून एकेक जण येऊ लागला. दवाखान्यातली नर्स आली. बँकेतले साहेब बाह्या दुमडून आले आणि म्हणाले, "मावशी, शर्ट चुरगळला तर तुम्हीच बघायचं." पश्चिमेकडे जावयाने जुने टायर आणले, आडवे टाकून त्यांत माती ठासली आणि पायऱ्या केल्या. आबांनी बसचा जुना रबरी भोंगा आणला होता. प्रत्येक नवे वळण तयार झाले की ते तो वाजवायचे. पों पों! पाखरे उडायची. पूर्वेला इस्त्रीवाली हात थांबवून ऐकायची आणि म्हणायची, "आले बघा व्याही आणखी वर."

दोन्ही वाटा माझ्या माथ्याजवळ आल्या. आबांची वाट पोचलीसुद्धा. इस्त्रीवालीच्या बाजूला मात्र शेवटी एक कातळ होता, माणसाहून उंच आणि गुळगुळीत. तो फोडायला दगडफोड्या येणार होता. तेवढ्यात सकाळी सकाळीच जावयाचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या. वेळेच्या बऱ्याच आधी.

"टेकडीवरून आलेच मी," म्हणत इस्त्रीवालीने निखारे विझवले, दार ओढले आणि निघाली. धुके इतके दाट होते की पुढचे वळण दिसत नव्हते. पण वाट तिच्याच हातची होती, पाय आपोआप वळत होते. कातळाशी मात्र ती अडली. दोनदा चढू गेली, दोनदा घसरली. बोटे खरचटली. मित्रांनो, तेव्हा मला फार वाटले की आपण जरा वाकावे, खांदा खाली करावा. पण टेकडीला तेवढे जमत नाही.

आणि वरून आवाज आला. पों पों!

"विहीणबाई! आहात का?"

"आहे! पण ही भिंत..."

"हा दोर धरा. तुमच्या जावयाने जुन्या ट्यूबांची वेणी घातलीय. ताणेल, पण तुटायचा नाही!"

दोर खाली आला. तिने तो कमरेला बांधला, हाताला दोन वेढे घेतले आणि पाय कातळाला रोवले. वरून आबा ओढत होते, त्यांचा श्वास भात्यासारखा चालला होता. ती लोंबकळली, झोका खाल्ला, एका खाचेत अंगठा अडकवला आणि "आई गं!" म्हणत वर आली. दोघेही माथ्यावर धपकन बसले.

"शेवटचा थांबा!" आबा धापा टाकत म्हणाले. "उलटी?"

"अजिबात नाही!" ती म्हणाली, आणि इतक्या धांदलीतही दोघे खळखळून हसले.

धुके विरळ झाले. पश्चिमेचे गाव तिने पहिल्यांदाच पाहिले. आबांनी बोट केले, "ते निळ्या पत्र्याचं छप्पर दिसतंय? ते आपलं घर." तिने पुढचे ऐकलेच नाही. टायरच्या पायऱ्यांवरून ती एखाद्या मुलीसारखी धावत सुटली.

सायकलींच्या दुकानामागच्या खोलीत डॉक्टरीणबाई होत्या, गरम पाणी होते आणि घाबरलेली लेक होती. आईला दारात बघून लेक आधी रडली आणि मग म्हणाली, "आता होईल माझ्याच्याने." इस्त्रीवालीने तिचा हात धरला. निखाऱ्यांनी चटके बसून राठ झालेला तो हात लेकीने दुपारपर्यंत सोडला नाही. दुपारी मुलगी झाली. इवलीशी, पण आवाज खणखणीत! आबा भर रस्त्यात उभे राहून भोंगा वाजवत राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला थांबवून म्हणाले, "नात झाली! विहीण चालत आली!"

पुढे दगडफोड्याने कातळात पायऱ्या कोरल्या. आता माझ्यावरून भाजीच्या टोपल्या जातात, इस्त्रीचे गठ्ठे जातात, शाळेतली पोरे जातात. दोन्ही गावांत सोयरिकी जुळू लागल्या आहेत. तो चित्रकारही एकदा धापा टाकत वर आला. या खेपेला त्याने मला निळी नाही, माझ्या खऱ्या रंगात रंगवले, अंगावरच्या वाटेसकट. मी जन्मल्यापासून इतकी सुंदर कधीच दिसले नव्हते!

मित्रांनो, तुम्हीही या. पण एक मागणे आहे. पाऊस माझी वाट दरवर्षी थोडी थोडी खातो आणि काटे परत यायला टपलेलेच असतात. म्हणून येताना रिकाम्या हातांनी येऊ नका. खालून एक दगड उचलून आणा. जिथे कड खचली असेल तिथे तो नीट बसवा, पाय ठेवून हलतो का ते बघा, आणि मगच पुढे व्हा. तुमच्या मागून कोणाची तरी आई येत असेल.