डावा गाल

"हे डोकं नाही," मालक हेर्मिलो म्हणाला, आणि सुपारीएवढ्या त्या ओल्या मातीवर त्याने अंगठा दाबला. नाक, ओठ, भुवया, सगळं एकदम सपाट झालं. "टोर्टियावर डोळे काढलेत तू. आधी कवटी कर. चेहरा मागून येतो."

"तोंडाने सांगता आलं असतं," तोमासा म्हणाली.

"तोंडाने सांगितलेलं तुला कधी कळलंय?"

हे अकरावं डोकं होतं. तोमासाने दातओठ खात चेपलेला गोळा उचलला आणि पुन्हा मळायला घेतला. सत्तावन्न वर्षांची ही बाई भांडायला कुणी मिळालं नाही तर भट्टीशी भांडायची. अख्ख्या कारखान्याला तिचा राग पाठ होता. पण या वेळचा राग तीन महिने उलटले तरी उतरला नव्हता.

हेर्मिलोच्या कारखान्यात नाताळच्या देखाव्याच्या मूर्ती होत. मेंढपाळांची डोकी तो स्वतः हाताने घडवी, प्रत्येकाचं वेगळं. कारखान्यातला एखादा माणूस वारला की त्या वर्षीच्या एका मेंढपाळाला त्याचा चेहरा मिळे. भट्टी लावणारा आबुन्दिओ गेला तेव्हा मोळीवाला मेंढपाळ हुबेहूब आबुन्दिओ झाला होता. नाताळात गावच्या चॅपलमध्ये मांडलेला तो बघून त्याची बायको मोठ्याने रडली होती. बायकांची डोकी मात्र साच्यातून निघत. मक्याच्या टोर्टिया थापणारी, धुणं धुणारी, घागर घेतलेली, सगळ्यांना तेच तोंड: इवलीशी जिवणी, खाली घातलेली नजर. साचा हेर्मिलोच्या आजोबांच्या वेळचा होता.

तो साचा दाबायचं काम तिघींचं. भिंतीलगतच्या लांब बाकावर उजवीकडे तोमासा, डावीकडे निकानोरा आणि मधे चोना. तोमासा आणि निकानोरा अकरा वर्षांपूर्वी उसना नेलेला तवा तडकून परत आल्यावरून बोलायच्या बंद झाल्या होत्या. निकानोरा म्हणायची, "चोना, तिला सांग, तिचं कोपर माझ्या पाटापर्यंत येतंय." आणि चोना, तोमासाने सगळं धडधडीत ऐकलेलं असताना, मान वळवून निरोप पोचवायची. अठ्ठावीस वर्षं ती त्या बाकावर बसली. ऑगस्टमध्ये तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेली.

"यंदा टोर्टियावालीला चोनाचं तोंड द्या," तोमासा मालकाला म्हणाली होती.

"बायकांना साचा आहे की."

"तो साचा चोनासारखा दिसतो?"

"बाईसारखा दिसतो. तेवढं पुरे."

"मग मी करते."

हेर्मिलो पोट धरून हसला होता. "कर. काम सुटल्यावर. माती फुकट, शिकवणी फुकट. अपमान वर मिळेल."

अपमान त्याने सढळ हाताने दिला. तोमासा प्रत्येक डोक्याचे डोळे पार वर नेऊन ठेवायची. हेर्मिलो म्हणायचा, "डोळे डोक्याच्या मधोमध असतात, बाई. हिच्या मेंदूला जागा कुठे ठेवलीस?" मग अंगठा. घायपाताच्या काट्याने पापणी काढताना तिचा हात जड पडे आणि डोळा फुटे. पुन्हा अंगठा. रागाने ती माती इतकी दाबायची की सगळी डोकी कुणाशी तरी भांडण काढायला निघाल्यासारखी दिसत. "ही बाळाचं दर्शन घ्यायला आलीय की वसुलीला?" हेर्मिलो विचारायचा.

नोव्हेंबरच्या मध्यावर सतराव्या डोक्यावर त्याचा अंगठा आला आणि थांबला. डोकं खोचलेली काडी फिरवून त्याने ते सगळीकडून पाहिलं.

"ही चोना आहे," तो म्हणाला. "अर्धी. डावीकडे तू उजवीच बाजू उलटी करून लावलीस. माणसाच्या दोन बाजू कधी सारख्या नसतात." आणि तेही डोकं त्याने चेपलं.

चोनाची डावी बाजू डोळ्यांपुढे आणायचा तोमासाने प्रयत्न केला. तिथे काहीच येईना. बाकावर तिला चोनाची उजवी बाजूच दिसायची. जातायेता समोरासमोर यायच्या तेव्हा डाव्या गालावर शाल असायची, गेली चार वर्षं तरी. दाढ दुखते, वारं सोसत नाही, असं चोना सांगायची. "उपटून टाक ती दाढ, पुरे झाली नाटकं," असं तोमासा तिला कितीदा बोलली होती.

त्याच संध्याकाळी ती चोनाच्या घरी गेली. चोनाचा नवरा कास्तुलो चॅपलची राखण करायचा. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावूनच तो घेवड्याचं कालवण खात बसला होता.

"फोटो? नाही बुवा," तो म्हणाला. "तिला कुठे हौस होती."

"बरं, नुसतं सांग. तिच्या डाव्या गालाला काय होतं?"

कास्तुलोचा हात ताटावर थांबला. "गाल होता. सगळ्यांना असतो तसा."

"दाढ दुखायची ना तिची?"

"दुखत असेल. बायकांचं काही ना काही दुखतच असतं." त्याने उठून दार लोटलं.

इतकी वर्षं एका घरात राहून या माणसाला बायकोचा गाल सांगता येत नाही, म्हणून तोमासा वाटभर त्याला शिव्या देत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती बाकावर बसली. मधली जागा अजून रिकामीच होती. पलीकडे निकानोरा साच्यात माती दाबत होती. तोमासाने भिंतीकडे बघत हाक मारली, "निकानोरा."

निकानोराने आधी मधल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग तोमासाकडे.

"चोनाच्या डाव्या गालाला काय होतं?"

"तुला खरंच माहीत नाही?"

"माहीत असतं तर तुझ्याशी बोलले असते का?"

निकानोराने हात पुसले. सावकाश, एकेक बोट.

"दाढबीढ काही नव्हती. कास्तुलोने मारलं होतं. जबडा मोडला आणि तसाच वाकडा जुळला. इथे, कानाखाली, खड्डा पडला होता. वरचे दोन दात गेले होते."

"आणि तू गप्प बसलीस?"

"तिने मला शपथ घातली होती. म्हणाली, तोमासाला कळलं तर ती दारात येऊन तमाशा करेल. तमाशा करून ती तिच्या घरी जाईल. मला तिथेच राहायचंय."

उठावं, कास्तुलोला किल्ल्यांसकट ओढत रस्त्यावर आणावं, असं तोमासाला वाटलं. निकानोराचं थोबाड फोडावं असं वाटलं. आणि सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःच्या त्या रागाचा, ज्याला भिऊन तिची मैत्रीण चार वर्षं शाल धरून बसली होती. शिवी द्यायला माणूस हवा होता, आणि तो माणूस तीच होती. तिने मातीचा एक गोळा उचलला.

"दाखव कुठे," ती म्हणाली.

निकानोरा आपली जागा सोडून जवळ आली. आधी कवटी झाली. मग डोळे, मधोमध. मग उजवी बाजू, जी तोमासाचे हात आता न बघता करत होते. डावीकडे येताच निकानोरा सांगू लागली, "अजून खाली. एवढं खोल नको. ओठ तिकडे जरा ओढलेला होता. हं. असा." खड्ड्याशी तोमासाचा हात थबकला. तेव्हा निकानोराने आपली करंगळी पुढे केली आणि तिच्या टोकाने माती हलकेच आत लोटली.

हेर्मिलोने डोकं हातात घेतलं. सवयीने अंगठा वर आला.

"जबडा वाकडा झालाय."

"वाकडाच होता," तोमासा म्हणाली.

"वाकडाच होता, मालक," निकानोरा बाकावरून म्हणाली.

हेर्मिलोने अंगठा खाली घेतला. त्याने कास्तुलोचं नाव काढलं नाही, काय झालं तेही विचारलं नाही. त्यालाही माहीत होतं हे तोमासाला त्याच्या न विचारण्यावरून कळलं, आणि तिला नव्याने संताप आला. सगळ्या कारखान्याला माहीत होतं.

"रंगवताना शाल जरा गालावर घेता येईल," तो हळू आवाजात म्हणाला.

"शाल खांद्यावर राहील."

"सावलीत वाळव मग. ओलं भट्टीत घातलंस तर फुटेल." एवढं बोलून तो गेला.

दरवर्षीप्रमाणे कारखान्याने चॅपलला मूर्ती दिल्या आणि दरवर्षीप्रमाणे त्या मांडायचं काम कास्तुलोकडे आलं. तोमासा मुद्दाम तिथे जाऊन उभी राहिली. देखाव्यात गवतासारखं पसरायला शेवाळ घेऊन गल्लीतल्या पाचसहा बायका आरास करायला आल्या होत्या. कास्तुलोने कागद सोडवत एकेक मूर्ती बाहेर काढली. धुणंवाली, घागरवाली, दोघींची तोंडं तीच, साच्यातली. मग त्याच्या हातात टोर्टियावाली आली. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. त्याची मान लाल झाली. त्याने तिला पाट्याशी बसवलं, डावा गाल भिंतीकडे करून.

"उजेड या अंगाने बरा पडतो," तो कुणाकडेही न बघता म्हणाला.

तोमासाला सगळं बोलता आलं असतं. आता चोनाला त्या घरात राहायचं नव्हतं, तमाशा करायला कुणाची आडकाठी नव्हती. तिने पुढे होऊन मूर्ती उचलली आणि फिरवून ठेवली. डावा गाल माणसांकडे आला.

"जपून हाताळ हो, कास्तुलो," ती म्हणाली. "फुटली तर सांग. दुसरी करीन. आता मला येते."

बायकांच्या हातातलं शेवाळ हातातच राहिलं. त्यांतली एक वाकून मूर्तीकडे बघायला लागली, मग दुसरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोमासा गेली तर मूर्ती पुन्हा भिंतीकडे वळवलेली होती. तिने ती सरळ केली आणि कामावर गेली. तिसऱ्या सकाळी ती धापा टाकतच पोचली, वाटेत तीनचार शिव्या तयार करून. मूर्ती माणसांकडेच बघत होती. पहिल्या बाकड्यावर निकानोरा बसली होती, तिच्या बोटांना शेवाळ लागलेलं होतं.

"मी रोज लवकर उठते," निकानोरा म्हणाली. "तू झोपलीस तरी चालेल."

तोमासा बाकड्यावर टेकली. दोघींच्या मधे एका माणसाची जागा त्यांनी सोडली होती. प्रार्थनेला गर्दी झाली आणि एक बाई तिथे बसायला आली, तेव्हा दोघी एकदमच म्हणाल्या, "इथे आहे कुणीतरी."