लाल पट्ट्याचा टॉवेल

मी एक जुना टॉवेल आहे आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. गाडी पुसून पुसून माझ्यात गोडवा उरलेला नाही.

माझा जन्म सोलापुरात, नरसय्यांच्या आठ मागांच्या कारखान्यात झाला. तिथे म्हाळसाबाई सुताच्या कांड्या भरायची. तिचा एक पाय लहानपणापासून अधू. इतर कारखानदारांनी तिला दारातूनच परत पाठवले होते. नरसय्यांनी मात्र तिला जमेल अशी बैठक करून दिली. एकदा पांढऱ्या कांड्यांत तिच्या हातून एक लाल कांडी गेली आणि माझ्या अंगावर दोन बोटे रुंद लाल पट्टा उमटला. ती रडवेली झाली. नरसय्या हसून म्हणाले, "असू दे गं, कुंकू लागलं म्हणायचं."

त्याच आठवड्यात इंद्रजीतदादा मते मागायला गल्लीत आले. आमच्याकडे पाहुण्याचा मान टॉवेल-टोपीने होतो. घाईत हाताला मीच लागलो. मला गळ्यात मिरवत दादा गरजले, "हा टॉवेल म्हणजे सोलापूरची शान! मी निवडून आलो की सगळी सरकारी खरेदी इथल्याच मागांवरून!" टाळ्यांनी कारखान्याचे पत्रे हादरले. मीही भाळलो, मूर्ख मी.

सभा संपताच दादांनी मला ड्रायव्हरकडे फेकले. ते निवडून आले. पाच वर्षे मी त्यांची गाडी पुसली आणि पुसता पुसता सगळे ऐकले. खरेदी परगावच्या कंपनीकडे गेली, कारण कंपनी दादांच्या मेहुण्याची. नरसय्या दादांच्या दारात तासन्‌तास ताटकळले, तर "बघू" एवढेच उत्तर. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. इकडे आठांतले पाच माग भंगारात गेले.

यंदा दादा पुन्हा त्याच गल्लीत आले. लोकांना वाटायला गाडीतून टॉवेलांचे गठ्ठे उतरले. जाळीसारखे विरळ, मेहुण्याच्या कंपनीचे! म्हाळसाबाई सत्काराची टोपी घेऊन मंचाकडे निघाली होती. गाडीच्या बॉनेटवर पडलेला मी तिला दिसलो. तिने माझ्या लाल पट्ट्यावरून अंगठा फिरवला. तिचे डोळे भरले नाहीत, पेटले.

लंगडत ती मंचावर चढली. तिने दादांच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि तेलाने काळा झालेला मी त्यांच्या गळ्यात घातला.

"अहो, हे काय?" दादा ओरडले.

"तुमची शान हाय की, दादा! वळकली न्हाय व्हय? पाच माग गेले आमचे. आता उरलेल्या तिनांवर डोळा हाय का?"

दादांनी मला भिरकावले, पण त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर माझा डाग राहिलाच. एकही टाळी वाजली नाही. लोक एकेक करून नवे टॉवेल गठ्ठ्यावर परत ठेवू लागले.

म्हाळसाबाईने मला धुतले नाही. मतदानापर्यंत मला कारखान्याच्या दारावर टांगले आहे. आत तीन माग चालू आहेत.

मित्रांनो, उद्या तुम्हीही मत द्याल. तुमच्याही दारात कुणीतरी गळ्यात टॉवेल घालून येईल. टाळी वाजवण्याआधी त्याला एवढेच विचारा, "मागच्या वेळचा टॉवेल कुठे आहे?"